एक छत्री, तीन घरं

न्यागेम गेल्याची बातमी आली तेव्हा टीव्ही चालूच होता.

घरात सगळे होते, कारण संध्याकाळी सगळे तिथेच असत. न्यागेम इस्पितळात असली तरी ती सवय मोडली नव्हती. बेंटरने उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उतरवली होती. दोन्ही सुना, रिस्पर आणि सिप्रोझ, ओमेनाचं, तळ्यातल्या बारक्या माशांचं, कालवण वाढत होत्या. फोन बेंटरचा वाजला. ती नुसती ऐकत राहिली आणि मग तिने फोन बापाला न देता थोरल्या भावाला, जोआशला दिला. तेव्हाच बापाला, झाब्लोन ओबुयाला, कळलं की बायको गेली. पलीकडचा माणूस काय सांगतो ते ऐकायची त्याला गरज उरली नाही.

रडणं सुरू झालं. शेजारची माणसं धावत आली. पण टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. बातम्या देणारी बाई तळ्यावरच्या वाऱ्याबद्दल सांगत होती, ती सांगतच राहिली. शेवटी धाकट्या सिप्रोझने भिंतीतला प्लग उपटला आणि तो हातात धरूनच ती खाली बसली.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं होतं. गेम नावाच्या भागातून लग्न होऊन आलेली, गेमची लेक, म्हणून सगळं गाव तिला न्यागेम म्हणे. झाब्लोनही तेच म्हणे.

दफन झालं, पाहुणे गेले, डोकी भादरून झाली, आणि मग संध्याकाळी घर रिकामं राहू लागलं. घर झाब्लोनने बांधलं होतं, पण बांधलं होतं बायकोसाठी, म्हणून ते तिचं. सासूच्या घरात सुना येतात, चुलीपाशी पाय पसरतात, टीव्हीवरच्या बाईच्या कपड्यांना नावं ठेवतात. सासऱ्याच्या घरात सून अशी येऊन बसत नाही. आता ते घर सासऱ्याचं झालं होतं. यात कुणाची चूक नव्हती. मुलगे यायचे, टेकायचे, बापाला दोन गोष्टी विचारायचे, आणि आपापल्या घरच्या चुलीचा वास आला की उठायचे.

राहायचे दोघंच. झाब्लोन आणि नवऱ्याचं घर सोडून परत आलेली लेक बेंटर.

झाब्लोन टीव्ही लावून ठेवी. जुनी गाणी लागतात ते चॅनल. बघत नसे. आयुष्यभर त्याने किनाऱ्यावर नावा बांधल्या होत्या, हातात रंधा नसला की डोळे कुठे ठेवायचे ते त्याला कळत नसे. घरात माणसांचे आवाज हवेत, म्हणून गाणी.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "बेंटर, आपल्या टीव्हीच्या छत्रीवरून त्या दोघांच्या घरात चित्र नेता येईल का?"

"नेता येईल की. पण मग ते मुळीच यायचे नाहीत इकडे."

"आत्ता कुठे येतात?"

बेंटरने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"ती असती तर तिने ताटं भरून दोन्ही घरी पोचवली असती," झाब्लोन म्हणाला. "मला स्वयंपाक येत नाही. एवढं तरी पोचवू."

*

दोघा मुलग्यांनी, जोआशने आणि धाकट्या टोबियसने, आपापले टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचे डबे आणले. बाजारातला केफा फुंदी, दुरुस्तीवाला, आला. रेडिओ असो, पंप असो की मोटारसायकल, बिघडलेलं सगळं केफाकडे जाई. तो अंगणात उभा राहून दोन्ही घरांकडे बघत बोलला.

"प्रत्येक घराला छत्रीपासून आपली आपली वायर हवी. एक सरळ इकडे, एक सरळ तिकडे. छत्रीचं डोकंही बदलावं लागेल, म्हणजे बरं चालेल."

जोआशने हात वर केला. "थांब. टोबियसचं घर छत्रीजवळ आहे. सरळ वायर टाकलीस तर चित्र आधी कुणाकडे पोचणार?"

"दोघांकडे एकदमच, दादा. तिला काय वेळ लागतो?"

"वायर आखूड कुणाची?"

"टोबियसची."

"मग आधी त्याच्याकडे. पेरणी आधी कुणाची?"

"थोरल्याची," केफा म्हणाला.

"घरावर पत्रा आधी कुणाचा?"

"थोरल्याचा. पण दादा, हे चित्र आहे, मका नाही."

"घरात येतंय ना? मग रीत तीच."

टोबियस नुसता हसला. झाब्लोनही बोलला नाही. त्यालाही ते बरोबरच वाटलं होतं. बापानंतर थोरला, थोरल्यानंतर धाकटा. अशीच ती जागा तीन पिढ्या चालली होती.

केफाने खांदे उडवले. जुनं डोकं तसंच ठेवलं. छत्रीची वायर आधी झाब्लोनच्या घरात आणली. तिथे एक लहानसा स्प्लिटर बसवून, एका वायरीच्या दोन करून, दुसरी जोआशकडे नेली. जोआशच्या घरात तसाच दुसरा स्प्लिटर बसवला आणि तिथून वायर टोबियसकडे. गावात पाण्याचा पाट फिरवतात तशी ती अंगणातून फिरली.

पहिल्या संध्याकाळी तिन्ही घरांत बातम्या दिसल्या. टोबियसने दारातून ओरडून विचारलं, "दादा, तुमच्याकडेही हीच बाई आहे का?" जोआश ओरडला, "हीच! आणि हीच खोटं बोलतेय!" रिस्परने आपल्या दारात आरोळी दिली, सिप्रोझने आपल्या. झाब्लोनने त्या संध्याकाळी दोनदा उगाली मागून घेतली.

मग चित्र जायला लागलं.

कधी रिस्परच्या बातम्या जायच्या, कधी सिप्रोझची मालिका ऐन भांडणात काळी व्हायची. मग केव्हातरी आपोआप यायचं. दोघी जावा गावच्या रीतीने विहिरीवर एकमेकींना हसून 'सवतबाई' म्हणायच्या, तशाच म्हणत राहिल्या, पण हसणं कमी झालं. सिप्रोझने नवऱ्याला सांगितलं, "आपली वायर तिच्या घरातून येते. तिच्या मनात आलं की ती पिळते." टोबियस म्हणाला, "वहिनी असं करणार नाही." दुसऱ्या वेळी म्हणाला, "बघू." तिसऱ्या वेळी उठून वायर कुठून येते ते बघून आला.

*

टोबियसची थोरली पोर लेव्हेंडर देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघात निवडली गेली होती. गावातून इतक्या वर कुणीच पोचलं नव्हतं. पहिल्या सामन्यात ती राखीव होती, बाकावर. तरी टोबियसने घरात चर्चमधून बाकं आणून मांडली. त्याच्याबरोबर मोटारसायकल चालवणारे दोस्त आले, शेजारी आले, सिप्रोझने चहाचं मोठं पातेलं चढवलं.

दुसरा डाव अर्ध्यावर आला होता. लेव्हेंडर उठली, अंगावरचं जाकीट काढलं, रेषेपाशी येऊन उभी राहिली. घरातली माणसं उभी राहिली. आणि पडदा काळा झाला. मधोमध एकच ओळ: सिग्नल नाही.

टोबियसने डबा ठोकला. वायर काढून परत लावली. बाहेरून कुणाच्या तरी रेडिओवर लेव्हेंडरचं नाव ऐकू आलं, आणि तो दारामागचा पांगा, हातभर पात्याचा कोयता, घेऊन वायर जिथून येत होती तिकडे निघाला.

झाब्लोन आपल्या दारातून बाहेर आला तेव्हा टोबियस जोआशच्या उंबऱ्याशी होता.

"आत कोण आहे? वायर कुणी उपटली?"

रिस्पर बाहेर आली. "वायरला कुणी बोट लावलेलं नाही. पोरांनी कुस्ती लावली, एवढंच. पोरगी बाकावरच तर बसली होती तुमची."

"बाकावर?" सिप्रोझ नवऱ्याच्या मागून पुढे आली. "सवतबाई, त्या बाकापर्यंत या तळ्याकाठची दुसरी कुणाची पोर पोचली ते सांग. तुझ्या फेलिक्सला तर शाळेच्या बाकावरसुद्धा बसवत नाही!"

"माझ्या पोराचं नाव घेऊ नकोस!"

"मग माझ्या पोरीचं चित्र घेऊ नकोस!"

जोआश किनाऱ्यावरून मासे उतरवून येत होता. हातांना खवले चिकटलेले तसाच मध्ये शिरला. "माझ्या दारात पांगा? धाकटा होऊन?"

"चित्र तुमच्या दारातून येतं, म्हणून तुमच्या दारात आलो," टोबियस म्हणाला. "माझ्या घरात काय दिसावं ते तुमची पोरं ठरवणार का?"

"पटत नसेल तर सोड वायर."

"सोडतो. वायर सोडतो आणि अंगणही सोडतो. किसुमू शहरात खोली बघतो. तिथे कुणी थोरला नाही."

आई जाऊन अजून एक पाऊससुद्धा पडला नव्हता. बेंटर जोआशच्या बाजूला उभी होती. तिचा नवरा मारायचा तेव्हा जोआशच तिला जाऊन घेऊन आला होता, म्हणून कुठल्याही भांडणात ती त्याच्या बाजूलाच उभी राही. आता ती हळूच तिथून सरकून टोबियसजवळ गेली. जोआशने ते पाहिलं.

"पांगा मला दे," झाब्लोन म्हणाला. "उद्या लाकडाला लागेल मला."

टोबियसने दिला.

झाब्लोन घरात आला आणि आपल्या टीव्हीसमोर बसला. त्याच्या पडद्यावरही तीच ओळ होती. सिग्नल नाही. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. नात मैदानात उतरताना त्यालाही दिसली नव्हती.

मग तो म्हणाला, "बेंटर, आपलं चित्र कसं गेलं?"

"त्यांनी कुस्ती लावली म्हणून."

"पण आपली वायर जोआशच्या आधीची आहे. छत्रीकडून आधी आपल्याकडे येते, मग त्याच्याकडे जाते. खालच्याने पाट अडवला तर वरच्याचं पाणी कसं आटेल?"

बेंटरने त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत बाबा एवढं लांब बोलले नव्हते.

*

सकाळी पोरं शाळेत गेल्यावर झाब्लोन टोबियसच्या दारापासून चार हात लांब, सासऱ्याने उभं राहायचं तिथे, उभा राहिला. सिप्रोझ पातेली पोत्यात भरत होती.

"सूनबाई, भांडी बांध. मी अडवत नाही. पण टीव्ही एवढ्यात काढू नकोस. सकाळपुरता मला हवाय."

मग तो रिस्परच्या दाराशी गेला. "तूही टीव्हीपाशी बस. मी सांगेन ते लाव. भांडायचं नाही, नुसतं सांगायचं, आहे की गेलं."

तो अंगणाच्या मधोमध तिपाईवर बसला. बेंटर त्याच्या घरात टीव्हीपाशी, सुना आपापल्या. जोआश कुंपणाला टेकून उभा राहिला. टोबियस मोटारसायकलवर बसून होता, निघालो म्हणायचा आणि निघत नव्हता.

"सामन्याचं चॅनल लावा तिघी. आहे?"

"आहे!" तिन्ही घरांतून.

"रिस्पर, कुस्ती लाव."

"लावली!"

"गेलं!" सिप्रोझ ओरडली. "बघा, गेलंच!"

"इकडेही गेलं," बेंटर ओरडली.

"रिस्पर, परत सामना लाव."

"आलं!" "आलं!"

टोबियस मोटारसायकलवरून उतरला. "म्हणजे त्यांच्यामुळेच."

"थांब. सिप्रोझ, आता तू कुस्ती लाव."

"मी बघत नाही कुस्ती!"

"लाव तर."

थोडा वेळ गेला. मग रिस्परच्या घरातून आवाज आला, "अगं, माझं गेलं! सवतबाई, तू माझं घालवलंस!"

"मी? मी तर तुझ्या खालची!"

"सिप्रोझ, परत सामना लाव. बेंटर," झाब्लोन म्हणाला, "आता आपली नेहमीची गाणी लाव."

बेंटरने लावली. अंगणात गिटार ऐकू आली.

"गेलं," सिप्रोझ म्हणाली.

"इकडेही," रिस्पर म्हणाली. तिचा आवाज बदलला. ती दारात आली. "बाबा, ही गाणी तुम्ही कधी लावता?"

"रोज. संध्याकाळभर."

"म्हणजे माझ्या बातम्या..."

सिप्रोझही दारात आली. "आणि माझी मालिका. मी समजत होते, तू पिळतेस."

"मी समजत होते, तू! दोन आठवडे मी तुला मीठ दिलं नाही त्यापायी!"

"मी तुझी कोंबडी हाकलून दिली."

"ती तू होय!"

सासरा समोर होता म्हणून दोघींनी पदर तोंडावर धरले. पण खांदे हलत होते. कुंपणाशी जोआश आधी खोकला, मग त्याला खोकला पुरेना.

"टोबियस," झाब्लोन म्हणाला, "पांगा माझ्याकडेच आहे. दार चुकलं होतं तुझं. वायर तोडायची तर माझी तोडायला हवी होती."

टोबियस मान खाली घालून उभा राहिला. त्याने मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली.

*

केफाला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि छत्रीच्या पुढे बाहेर आलेल्या दांडीकडे बोट केलं.

"ते टोकाला डोकं आहे ना, ते एकच. त्याला दोन तऱ्हेने बघता येतं. उभं बघता येतं, आडवं बघता येतं. पण एका वेळी एकच. अर्धी चॅनलं उभी येतात, अर्धी आडवी. तुम्ही चॅनल लावलं की घरातला डबा त्याला हुकूम सोडतो, असं बघ, तसं बघ. तीन घरांतून तीन हुकूम गेले की आडव्याचा हुकूम जोरकस पडतो. डोकं आडवं होतं. उभं बघणाऱ्याचा पडदा काळा."

"एका बैलाला तीन कासरे," झाब्लोन म्हणाला.

"तेच, बाबा."

"कुस्ती?"

"आडवी."

"माझी गाणी?"

"तीही आडवीच."

"सामना?"

"उभा."

"आता काय?"

"चार तोंडांचं डोकं मिळतं किसुमूला. चारही तोंडं मोकळी. प्रत्येक तोंडाला आपली वायर, ती थेट एका घरात. इकडे कुस्ती, तिकडे सामना, कुणाचं कुणाला कळतही नाही." केफाने जोआशकडे पाहिलं. "मी म्हणालोच होतो तेव्हा. छत्रीपासून वेगवेगळ्या वायरी."

"त्याच्याकडे बघू नकोस," झाब्लोन म्हणाला. "गप्प मीही बसलो होतो."

जोआशने मान वळवली. पण रिस्पर बोलली, दारातूनच, तिसरीकडे बघत. "वेगळ्या टाका. पण पहिलं तोंड आमचं. नाहीतर गाव म्हणेल, ओबुयांच्या घरात धाकटा थोरला झाला."

"गाव काय, तुम्हीच म्हणाल आधी," सिप्रोझ पुटपुटली.

सगळे झाब्लोनकडे बघायला लागले. न्यागेम असती तर हे तिने चुलीपाशी बसून, कुणाला कळायच्या आत मिटवलं असतं. त्याला तसं येत नव्हतं. त्याला जे आठवलं तेच तो बोलला.

"जोआश, तुझी आई वाढायची तेव्हा आधी ताट कुणाचं भरायची?"

"माझं."

"मग टोबियसला तुझ्या ताटातलं काढून द्यायची का?"

जोआशने कुंपणाची एक काडी उपटली. "नाही. भांड्यातूनच द्यायची."

"मग झालं. वायर घरधन्याची आधी कसायची, मग तुझी, मग त्याची. पण तिन्ही भांड्यातून."

जोआशने हातातली काडी मोडून टाकली. "माझी झाल्याशिवाय त्याच्या वायरीला हात लावायचा नाही, केफा."

"नाही लावत, दादा."

"मग आण तुझं डोकं. मी येतो बरोबर किसुमूला. तू एकटा गेलास तर दोन तोंडांचं घेऊन येशील."

"मी नेतो दोघांना," टोबियस म्हणाला. "मोटारसायकल उभीच आहे."

त्या दोघांमध्ये केफा बसला, मोटारसायकल फाटकातून बाहेर पडली, आणि रिस्पर सिप्रोझला म्हणाली, "पडले तर तिघं एकदम पडतील."

*

पुढचा सामना रविवारी दुपारी होता, आणि या वेळी लेव्हेंडर पहिल्यापासून खेळणार होती. चर्चमधून येताच काम सुरू झालं. केफाने जुनं डोकं काढलं, नवं बसवलं, वायरी ओढल्या. घरधन्याची कसली. जोआशची कसली, जोआशने स्वतः बोटाने हलवून पाहिली. मग टोबियसची.

"लावा!"

तिन्ही घरांत सिग्नल नव्हता.

केफाने छत्री डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, वर केली. काही नाही. फाटकाबाहेर माणसं जमू लागली होती. सगळ्या गावाला माहीत होतं की आज ओबुयांच्या पोरीला बघायचं. एक म्हातारा म्हणाला, "चार तोंडं बसवलीत, आणि चारही मुकी!"

झाब्लोन खांबापाशी गेला. छत्री ज्यावर होती तो खांब त्यानेच रोवला होता. तो मागे सरला, एक डोळा मिटला, नावेचा कणा बघतात तसं खांबाकडे पाहिलं.

"केफा, छत्री सोड. खांब कललाय. वायरी ओढताना एका अंगाला बसलाय. खाली वाकडं असताना वर कितीही फिरवलंस तरी तिला आभाळ कसं सापडेल?"

त्याने जुन्या नावेच्या फळीची पाचर काढली आणि खांबाच्या बुडाशी लावली. "ओरडत राहा," तो घरांकडे बघून म्हणाला, आणि घणाचा पहिला घाव घातला.

"लाल!" रिस्पर ओरडली. टीव्हीवर सिग्नलची पट्टी असते, ती.

"इकडेही लाल!"

घाव.

"लालच!"

घाव.

"पिवळी!" सिप्रोझ किंचाळली. "पिवळी झाली!"

"माझी लाल का?" रिस्पर ओरडली. "नाही, नाही, माझीही पिवळी! सवतबाई, माझीही पिवळी!"

"मारा, बाबा, मारा!"

"हळू," केफा म्हणाला. "आता हळू." त्याने छत्रीला बोटाने जरासा रेटा दिला. झाब्लोनने पाचरीला घणाच्या दांड्याने नुसतं टोचलं.

क्षणभर कुठूनच आवाज आला नाही. मग बेंटर दारात आली. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "हिरवी."

"हिरवी!"

"हिरवी!"

आणि फाटकाबाहेरच्या माणसांनीही तेच ओरडायला सुरुवात केली. ज्यांनी पट्टी पाहिली नव्हती तेही ओरडत होते.

जोआशने टोबियसच्या दारातून आत डोकं घालून पाहिलं, परत आपल्या घरी गेला, तिथे पाहिलं, आणि अंगणात येऊन सांगितलं, "पोरांना कुस्ती लावायला लावली. तरी टोबियसचं जात नाही!" मग रिस्परला, "बंद कर ती कुस्ती. पुतणी खेळतेय आपली."

*

माणसं वाटली गेली. टोबियसकडे दोस्त आणि शेजारी, जोआशकडे किनाऱ्यावरचे कोळी, आणि झाब्लोनकडे म्हातारे, ज्यांना सुनांच्या घरात बसणं अवघड होतं. न्यागेम गेल्यापासून त्या घरातल्या खुर्च्या पहिल्यांदा कमी पडल्या. बेंटर चहा देत होती आणि दर वेळी पडद्यापुढून वाकून जात होती.

लेव्हेंडर डाव्या पायाने खेळायची. पहिल्या डावात तिला चेंडू फारसा मिळाला नाही. दुसऱ्या डावात तिने एकदा दोघींना मागे टाकलं आणि चेंडू बाहेर मारला, तेव्हा तिन्ही घरांतून एकच 'आह्' उठला. झाब्लोनने तो आवाज ऐकला. आपल्या घरातला ऐकला, मग उजवीकडचा, मग डावीकडचा. टीव्हीवरच्या माणसांचा आवाज त्यापुढे काहीच नव्हता.

सामना संपत आला होता. कोपऱ्यातून चेंडू आला, कुणाच्या तरी अंगाला लागला, गवतावर पडला, आणि लेव्हेंडर तिथे होती. तिने पाय मागे नेला.

तेवढ्यात जोआशच्या घरातून प्रचंड ओरडा आला. झाब्लोनच्या पडद्यावर चेंडू अजून तिच्या पायाशीच होता. म्हातारे दचकले. मग त्यांच्या पडद्यावर चेंडू जाळ्यात गेला आणि ते उठले, खुर्च्या पडल्या, एकाचा चहा दुसऱ्याच्या मांडीवर गेला. आणि त्यानंतर, श्वास घेण्याएवढ्या वेळाने, टोबियसच्या घराचं छप्पर उडालं.

सगळे अंगणात आले. रिस्परने आरोळी सुरू केली, सिप्रोझने ती उचलली, फाटकाबाहेरच्या बायकांनी पुढे नेली. टोबियस धावत जोआशकडे आला.

"दादा! तुमच्याकडे गोल आधी झाला! आमच्या पडद्यावर पोर अजून उभी होती, आणि तुम्ही ओरडलात!"

"डबे वेगवेगळे आहेत," केफा गर्दीतून सांगत होता, "एखादा जरा आधी दाखवतो, एखादा जरा मागून," पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

जोआश छाती पुढे काढून उभा राहिला. "थोरला आहे मी," तो म्हणाला. "माझ्याआधी होईल कसा?"

टोबियसने त्याला कंबरेत धरून उचललं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, अंगाला मासळीचा वास येणारा थोरला भाऊ हवेत पाय झाडत होता आणि म्हणत होता, "खाली ठेव, गाढवा, रीत सोडलीस!" आणि सगळं अंगण हसत होतं.

कोणी कोंबडी धरायला पळालं. एवढ्या माणसांना खायला घालायचं तर पातेली हवीत. सिप्रोझने घरात जाऊन पोतं सोडलं आणि पातेली बाहेर आणली. रिस्परने सर्वांत मोठं उचललं.

"हे धुतलेलं आहे ना, सवतबाई?"

"तुझ्या मिठाशिवाय धुतलंय."

झाब्लोन आपल्या दारात उभा राहून बघत होता. म्हातारे त्याला टाळ्या देऊन एकेक करून फाटकाकडे जात होते. फोन आला तो बेंटरच्याच फोनवर. या वेळी तिने तो थेट बापाच्या हातात दिला.

"आजोबा, दिसले का मी?"

"दिसलीस. तिन्ही घरांत दिसलीस."

पलीकडे मुली गात होत्या. तिला पुढचं ऐकू आलं नसावं. त्याने फोन टोबियसला नेऊन दिला.

अंधार पडायच्या आत केफा आला. "बाबा, वायरी मातीवरच आहेत. गुरं पाय देतील, पाऊस आला तर पाणी धरतील. चर खणून पुरायला हव्यात."

"पुरू."

"घरची तर पुरायलाच नको. जोआशची सोपी आहे, उद्या खणू. टोबियसची..." केफा थांबला.

दोघांनी तिकडे पाहिलं. टोबियसच्या घराची वायर झाब्लोनच्या घराच्या डाव्या हाताने गेली होती, आणि न्यागेमला तिथेच पुरलं होतं. माती अजून पुरती बसली नव्हती. काळी वायर मातीच्या उंचवट्यावरून चढून पलीकडे उतरली होती. सामन्याच्या घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

झाब्लोनने वाकून ती वायर उचलली आणि कडेला घेतली. ती ताणली गेली, तिकडे जाईना. त्याने ती परत होती तिथे ठेवली.

जोआशच्या वायरीचा चर दुसऱ्या दिवशी खणून झाला. टोबियसच्या वायरीचा चर कुठून न्यायचा, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.